यायोईच्या डोळ्यांतल्या बाहुल्या

चित्रे हलतात आणि त्यांच्या मध्यभागी एक लहान मूल आहे, एवढ्या दोन खुणांवरून एखादी मालिका मुलांसाठीच असणार असे गृहीत धरावयाचे, दूरचित्रवाणीचा संच मुलांच्या स्वाधीन करून आपण आपल्या उद्योगाला लागावयाचे, आणि अर्ध्या तासाने आतल्या खोलीतून घाबरी हाक आली म्हणजे त्या मालिकेवर, ती जेथून आली त्या देशावर आणि एकंदर चालू काळावर तोंडसुख घ्यावयाचे, ही रीत आपल्या पुष्कळ घरांतून रूढ होऊ लागली आहे. जपानी अ‍ॅनिमे आता आपल्या मुलांच्या इतके नित्याच्या पाहण्यात आहे की त्याविषयी आईबापांनी अनभिज्ञ राहणे परवडणारे नाही. आणि त्यातही जी अतिमानुष शक्तींची भयकथा आहे, जिच्या केंद्रस्थानी बालकच उभे आहे, तिच्या बाबतीत तर आपल्या मनात जे उमटले त्याची नीट शहानिशा केल्यावाचून ती कोणाला दाखवूही नये आणि कोणाला वर्ज्यही करू नये, असे माझे मत झाले आहे. ते का झाले आणि ही शहानिशा कशी करावी, हे एका विशिष्ट मालिकेच्या आधाराने सांगतो.

ती मालिका म्हणजे ‘डार्क गॅदरिंग’. केनिची कोन्दो यांची मूळ चित्रकथा, जिला जपानीत मांगा म्हणतात, ‘जंप स्क्वेअर’ या मासिकातून २०१९ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली, आणि ओएलएम या निर्मितिगृहाने तिचे पंचवीस भाग जुलै २०२३ पासून डिसेंबर २०२३ पर्यंत जपानच्या दूरचित्रवाणीवर आणले. कथेची नायिका यायोई होझुकी ही प्राथमिक शाळेत जाणारी, बुद्धीने असामान्य आणि चेहऱ्याने निर्विकार अशी मुलगी आहे. मोटारीच्या अपघातात तिचे आईवडील गेले आणि आईचा आत्मा कुणा दुष्ट शक्तीने ओढून नेला. त्या शक्तीचा माग काढणे हेच तिच्या आयुष्याचे एकमेव काम होऊन बसले आहे. तिच्या प्रत्येक डोळ्यात दोन दोन बाहुल्या आहेत, आणि आपल्याला दिसत नाही ते तिला दिसते. मराठीत डोळ्यातल्या बाहुलीला आणि खेळण्यातल्या बाहुलीला एकच शब्द आहे, आणि ह्या मुलीच्या बाबतीत तो योगायोग विलक्षण रीतीने सार्थ ठरतो; कारण झपाटलेल्या म्हणून बदनाम झालेल्या जागी जाऊन जी भुते ती पकडते, त्यांना ती मऊ कापडी बाहुल्यांत कोंडून ठेवते, आणि अधिक बलवान भुताशी सामना करताना आधी कोंडलेल्या भुतांनाच पुढे करते. तिच्या सोबतीला तिची नात्यातली थोरली बहीण एइको आहे, आणि तिची शिकवणी घ्यावयास आलेला केइतारो गेन्तोगा हा महाविद्यालयीन विद्यार्थी आहे, ज्याच्याकडे भुते आपण होऊन ओढली जातात आणि ज्याने त्याच धास्तीपायी काही काळ स्वतःला घरात कोंडून घेतले होते.

आमच्या घरी मे महिन्याच्या सुटीत ह्या मालिकेचे पहिले काही भाग चार माणसांनी एकत्र बसून पाहिले: माझी भाची, तिची दहा वर्षांची मुलगी, माझी वृद्ध आत्या आणि महाविद्यालयात शिकणारा एक पुतण्या. पहिला भाग संपल्यावर भाची अस्वस्थ होऊन म्हणाली, “एवढ्याशा पोरीला रात्री-अपरात्री असल्या ठिकाणी नेतं कोण? हिच्या घरी कोणी विचारणारं नाही का?” आत्याला भुतांचे काहीच वाटले नव्हते, जन्मभर कोकणातल्या भुताखेतांच्या गोष्टी ऐकत आलेली ती बाई, तिचे लक्ष मुलीच्या चेहऱ्यावर खिळले होते. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, “ही पोर हसत का नाही रे? लहान लेकराचे डोळे असे नसतात.” पुतण्याला भय असे वाटलेच नाही, कोणते भूत कोणत्या भुताला भारी पडेल, ह्या गणितात तो रंगून गेला होता, आणि ओएलएम हेच ‘पोकेमॉन’चेही निर्मितिगृह आहे, तेव्हा हे त्याचेच काळोखातले भावंड म्हणायला हरकत नाही, असे त्याने आम्हाला समजावून सांगितले. दहा वर्षांची मुलगी मात्र गप्प होती. जेवताना तिने आईला विचारले, “तिचे आई-बाबा दोघंही एकदम गेले?”

ही चार माणसे, एकच मालिका, आणि चार जबान्या. मी त्या रात्री पुष्कळ विचार केला आणि माझ्या ध्यानात आले की आपण ज्याला सरसकट ‘भीती वाटली’ असे म्हणतो, ते मूल मध्यभागी असलेल्या कथेत निरनिराळ्या तीन वाटांनी येते आणि त्या वाटा एकमेकींत मिसळल्या म्हणजे आपला सगळा न्यायनिवाडा चुकतो. भाचीला जी वाटली ती मुलासाठी वाटणारी भीती. आत्याला जी वाटली ती मुलाची भीती. आणि त्या दहा वर्षांच्या मुलीला जी वाटली ती मूल होऊन वाटलेली भीती, म्हणजे यायोईच्या जागी स्वतःला पाहून वाटलेली. विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यय आणि धातुसाधित एवढाच काय तो फरक. परंतु पहिलीत पाहणारा पालक असतो, दुसरीत तो परका असतो, आणि तिसरीत तो स्वतःच ते मूल असतो. मुलाने भयकथा पाहावी की नाही हे ठरवण्यापूर्वी, आणि स्वतःही तिच्याविषयी बरेवाईट बोलण्यापूर्वी, आपल्याला ह्यांतली कोणती भीती वाटली हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. बहुतेकांना एकाहून अधिक वाटलेल्या असतात. तरीही त्यांतली कोणती आधी आली, हे आठवता येते, आणि तेच महत्त्वाचे असते.

मुलासाठी वाटणारी भीती ही प्रौढांची भीती आहे आणि तिच्यातून उठणारी तक्रार बहुधा नीतीची असते: लेखकाने एका निराधार बालिकेला असल्या प्रसंगांत घालणे हेच मुळी क्रौर्य नव्हे काय? ही तक्रार मी क्षुल्लक मानीत नाही. बालकाचे दुःख हे प्रेक्षकाला खिळवून ठेवण्याचे सर्वांत सोपे साधन आहे आणि सोपे म्हणूनच ते पुष्कळदा बेजबाबदारपणे वापरले जाते. तेव्हा असे पाहावे, की कथेला ह्या धोक्याची जाणीव आहे की नाही. त्या मुलाला स्वतःचे प्रयोजन आहे, की ते केवळ आमिष म्हणून पुढे बांधलेले आहे. आणि मूल संकटात असताना चित्र त्याच्या वेदनेवर रेंगाळते, की त्याच्या निश्चयावर. यायोईच्या बाबतीत माझे उत्तर असे, की आईला शोधण्याचे तिचे प्रयोजन इतके सच्चे आहे की ते सगळ्या कथेला सावरून धरते, आणि केइतारोची सततची धास्ती ही जणू आपलीच धास्ती म्हणून तिच्याबरोबर वावरत असते. तथापि जेथे झुंजी लांबतात तेथे तिची स्थितप्रज्ञता हा एक देखावा होऊन बसतो आणि आईची आठवण मागे पडते, हेही मला नमूद केले पाहिजे. ह्या बाबतीत वाचकाचे मत माझ्याहून वेगळे होऊ शकेल; ते कशावरून झाले, एवढे मात्र त्याला सांगता यावे.

ह्याच भीतीला जोडून एक व्यवहाराची सूचना करतो. मालिकेतील काही स्थळांना पूर्ण नाव न देता केवळ आद्याक्षर दिलेले आहे, कारण ती जपानातल्या प्रत्यक्ष बदनाम स्थळांवरून घेतलेली आहेत: एक जुना बोगदा, एक जुने जलद्वार, एका किल्ल्याचे भग्नावशेष. मुलांच्या मनात त्यामुळे कुतूहल जागे होते आणि आपल्या गावाबाहेरचा पडका वाडा किंवा बंद पडलेली गिरणी त्यांना खुणावू लागते. अशा वेळी ‘तिथे काही नसतं’ असे म्हणून त्यांना उडवून लावू नये. तिथे साप असतो, कुजलेली तक्तपोशी असते, कठडा नसलेली विहीर असते. ते जसे आहे तसे त्यांना सांगावे आणि दिवसाउजेडी, सोबत जाऊन, दुरून दाखवावे.

आता मुलाची भीती. आत्याला जी वाटली ती जगाच्या पुष्कळ भयकथांत आहे. परंतु जपानी परंपरेत भूतयोनीशी नाते असलेल्या मुलाला जे स्थान आहे ते कळल्यावाचून यायोईचा तो निर्विकार चेहरा नीट वाचता येत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. ईशान्य जपानातल्या इवाते प्रांतात झाशिकी-वाराशी नावाच्या बालभुताची समजूत आहे. कुनिओ यानागिता यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या तोनो परगण्याच्या कथासंग्रहात ते येते. हे लहान मुलाच्या रूपातले भूत ज्या घरात राहते त्या घराची भरभराट होते आणि ते निघून गेले म्हणजे घर खालावते. म्हणजे हे भूत घालवावयाचे नसून टिकवावयाचे असते. पुढे चित्रकथाकार शिगेरु मिझुकी यांचा कितारो आला. मिझुकींचा जन्म १९२२ चा. दुसऱ्या महायुद्धात राबाउलच्या आघाडीवर त्यांनी डावा हात गमावला आणि उरलेल्या एका हाताने जपानला भुतांची एक संपूर्ण वंशावळ काढून दिली. त्यांचा कितारो हा भूतवंशातला मुलगा मृत आईच्या थडग्यातून बाहेर येतो, आणि त्याचा पिता एका डोळ्याच्या रूपाने त्याच्यासोबत राहतो. मूळ कथेचे नाव ‘स्मशानातला कितारो’ अशा अर्थाचे होते. १९६८ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली तेव्हा प्रायोजकांना स्मशान रुचेना म्हणून ती ‘गेगेगे नो कितारो’ झाली, आणि स्मशानातून आलेला तो पोर बघता बघता मुलांचा कैवारी झाला. २००८ मध्ये त्याच कितारोची जुन्या नावाची, जुन्या काळोखाची मालिका मात्र रात्री उशिरा, प्रौढांसाठी दाखवण्यात आली.

एकच मूल, दोन वेळा आणि दोन निरनिराळे प्रेक्षक. जपानी प्रेक्षकाला प्रक्षेपणाच्या वेळेवरूनच पुष्कळ उमगते. संध्याकाळची मालिका घराची, मध्यरात्रीनंतरची मोठ्यांची, हा तेथला अलिखित दंडक आहे, आणि ‘डार्क गॅदरिंग’ तेथे मध्यरात्रीनंतरच दाखवली गेली. आपल्याकडे ती पोहोचते तेव्हा हा वेळेचा दाखला वाटेतच गळून पडलेला असतो. दुपारी चार वाजता, शाळेतून आलेल्या मुलाच्या हाती, मोबाइलच्या पडद्यावर ती येते. म्हणून कोणतीही जपानी भयमालिका घरात येण्यापूर्वी ती तेथे किती वाजता दाखवली गेली, हे शोधून काढावे. ह्या एका तपशिलाने जेवढा निर्णय सुकर होतो तेवढा दहा जणांच्या अभिप्रायांनीही होत नाही.

आत्याच्या प्रश्नाचे उत्तरही मला ह्या परंपरेत सापडले. यायोई हसत नाही, कारण तिचे अर्धे लक्ष पलीकडच्या जगात गुंतलेले आहे. झाशिकी-वाराशी, कितारो आणि ती, ही सगळी उंबऱ्यावरची मुले आहेत. उंबऱ्यावर बसू नये असे आपल्याकडेही मुलांना सांगतात. आत्याला हे सांगितले तेव्हा तिने काही वेळ विचार केला आणि म्हणाली, “मग तिला आत घेणारं कोणी तरी पाहिजे.” मुलाची भीती त्या एका वाक्याने मुलासाठी वाटणाऱ्या भीतीत पालटली. असा पालट घडतो तेव्हा ती कलाकृती प्रेक्षकापर्यंत पोहोचली असे मी समजतो, आणि वाचकांनीही स्वतःच्या मनात तो घडतो का, ह्यावर लक्ष ठेवावे.

तिसरी भीती, मूल होऊन वाटणारी, हीच खरी जपून हाताळावयाची. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापिका जोअन कॅन्टर यांनी चित्रपट आणि दूरचित्रवाणी पाहून मुलांना वाटणाऱ्या भयाचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९९८ मध्ये पालकांसाठी त्यावर ग्रंथही लिहिला. त्यांच्या अभ्यासाचा जो भाग आपल्या उपयोगाचा आहे तो असा, की साधारणतः सात वर्षांखालील मूल दिसण्याला भिते: विद्रूप चेहरा, अचानक पालटणारे रूप, अक्राळविक्राळ आकार. एखादे पात्र सज्जन असले तरी त्याचे रूप भयंकर असेल तर त्या सज्जनपणाचा लहान मुलाला काही उपयोग होत नाही. हिरव्या राक्षसाचे रूप घेणारा ‘हल्क’ लोकांना वाचवीत असतो, तरी शाळापूर्व वयाची मुले त्याच्या त्या रूपांतरालाच घाबरत, असे त्यांना आढळले. मूल मोठे होत जाते तसे ते दिसण्यापेक्षा घडण्याला भिऊ लागते: जे आपल्या घरी, आपल्या माणसांना खरोखर घडू शकेल त्याला.

हा दाखला यायोईच्या कथेला लावून पाहावा. पाच वर्षांच्या मुलाला यायोई आवडेल, तिच्या मऊ बाहुल्याही आवडतील, परंतु एका भुताचा चेहरा त्याला कित्येक रात्री छळेल. आणि ‘ते खोटं असतं रे’ हे आपले समाधान त्याच्या कानावरून निघून जाईल, कारण त्या वयात डोळ्याने पाहिलेले ते खरेच असते. दहा वर्षांच्या मुलाला भुताचे रूप झेपेल, त्यावर ते हसेलही. त्याला झेपणार नाही तो मोटारीचा अपघात. आमच्या घरच्या मुलीने भुतांविषयी एक अक्षर विचारले नव्हते. आम्ही मोठी माणसे मात्र ‘भुतं बघून घाबरली असेल’ असे समजून तिला भुते नसतात हे पटवून द्यावयास निघालो होतो, आणि तिला हवे होते ते दुसरेच. म्हणून मूल घाबरले असे वाटले तर आधी त्याच्याकडून काढून घ्यावे, की कशाला. त्याला थेट विचारले तर ते बहुधा ‘नाही घाबरलो’ म्हणते. त्याऐवजी ‘तुला कोणता भाग आठवतो?’ असे विचारावे, किंवा चित्र काढावयास कागद द्यावा. जे पुन्हा पुन्हा उमटते ते भीतीचे ठिकाण.

समजूत घालण्याची रीतही वयानुसार वेगळी ठेवावी लागते. लहानाला शब्दांपेक्षा स्पर्श, पाण्याचा घोट, अंथरुणात सोबतीला एखादे खेळणे, ह्यांचा उपयोग होतो. मोठ्याला कारण हवे असते आणि ते खरे द्यावे लागते. अपघात होतच नाहीत असे दहा वर्षांच्या मुलाला सांगू नये. ते क्वचित होतात, गाडीत पट्टा का बांधतो, आणि आपल्याला काही झालेच तर तुझ्याजवळ कोण कोण असेल, हे नावानिशी सांगावे. आणि एक गोष्ट कोणीही, कधीही करू नये. जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून ज्या घरांत बागुलबुवा बोलावण्याची चाल होती, त्या घरांत आता त्याची जागा एखाद्या मालिकेतल्या भुताने घेतलेली मी ऐकली आहे. मूल ज्या भीतीला कथेच्या चौकटीत राहून धीराने सामोरे गेले, तीच भीती आपल्या सोयीसाठी त्या चौकटीबाहेर काढून त्याच्या ताटाशेजारी बसवणे, ह्याला मी विश्वासघात म्हणतो.

मालिका दाखवावयाचीच असे ठरले तर तजवीज कशी असावी? पहिले तीन भाग आपण एकट्याने पाहावेत. पहिला भाग पुरेसा नसतो, कारण पहिल्या भागात बहुधा कथेची उत्कंठा दाखवलेली असते आणि तिचा कडवटपणा पुढे येतो. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांन्वये मान्यताप्राप्त प्रसारणमंचांना प्रत्येक कार्यक्रमावर वयोगट छापावा लागतो: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए, आणि १३+ पासून पुढच्या गटांसाठी पालकांना कुलूप घालण्याची सोय देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. ते कुलूप पुष्कळांनी कधी लावूनही पाहिलेले नसते. ते आधी लावावे. जेथून बिनपरवाना उतरवून घेतलेली मालिका येते तेथे असा कोणताच शिक्का नसतो, हे मुलालाही समजावून सांगण्यासारखे आहे. ‘डार्क गॅदरिंग’ माझ्या मते तेरा वर्षांखालील मुलाने एकट्याने पाहू नये. आमच्या घरी दहा वर्षांच्या मुलीने ती पाहिली, आणि ती आईच्या शेजारी बसून पाहिली. तरीही आम्ही घाई केली असे आज वाटते.

खोलीत दिवा असावा आणि पडद्यापासून अंतर असावे. ही सूचना केवळ भयासाठी नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’चा एक भाग जपानात प्रक्षेपित झाला आणि त्यातील तांबड्या-निळ्या प्रकाशाच्या, सेकंदाला सुमारे बारा वेळा होणाऱ्या उघडझापीने ६८० हून अधिक प्रेक्षकांना, बहुतांश मुलांना, इस्पितळात हलवावे लागले. मालिका चार महिने बंद राहिली, चमकत्या प्रकाशाविषयी नियम झाले, आणि तेव्हापासून जपानी मालिकांच्या आरंभी ‘खोली उजळ ठेवा, दूर बसून पाहा’ अशी ओळ देण्याचा प्रघात पडला. त्या संध्याकाळी मुलांना जे झाले ते भय नव्हते, तो मज्जासंस्थेवरचा आघात होता. म्हणून भयमालिका पाहताना मुलाला गरगरले, डोळे दुखले, मळमळले, तर त्याला भित्रे ठरवू नये. संच बंद करावा, आणि झटका आला किंवा शुद्ध हरपली तर तत्काळ वैद्यांकडे न्यावे. ज्या घरात अपस्माराचा इतिहास आहे तेथे तर आधीच वैद्यांना विचारावे. आवाजाचेही असेच आहे: भयाचा पुष्कळसा भाग कानातून शिरतो, आणि आवाज निम्म्यावर आणला की चित्राची धार आश्चर्य वाटावे इतकी उतरते. हेडफोन लावून एकट्याने पाहिलेली भयकथा ही अगदी निराळीच वस्तू होते.

कथेतील आचारांविषयी मुले प्रश्न विचारतील, त्यांना उत्तर देण्याइतकी माहिती जवळ असावी. यायोई आपल्यावर येणारे अरिष्ट बाहुलीवर घेते, ही कल्पना जपानात जुनी आहे. कागदाच्या किंवा गवताच्या बाहुलीवर मनुष्याचा दोष उतरवून ती पाण्यात सोडण्याचा विधी तेथे आहे; वाकायामाजवळच्या कादा येथील आवाशिमा देवस्थानात दर वर्षी ३ मार्चला, बालिकांच्या बाहुलीसणाच्या दिवशी, लोकांनी आणून दिलेल्या बाहुल्या नावेत घालून समुद्रात सोडतात. मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणारी आजी ज्या घरात आहे, त्या घरातल्या मुलाला हे पटकन उमजेल. तेवढ्यावरून दोन्ही एकच आहेत असे मात्र सांगू नये. तेथे बाहुली ही माणसाची प्रतिनिधी आहे, म्हणून तिला निरोप देण्याचाही संस्कार आहे. मुलाने स्वतःच्या बाहुल्यांवर तो खेळ करून पाहिला तर रागावू नये. केस, नखे आणि रक्त ह्यांच्या खेळाला मात्र ठाम नकार द्यावा.

राहता राहिले इतरांच्या अभिप्रायांविषयी. मालिका पाहावी की नाही हे ठरवताना आपण दुसऱ्यांची मते वाचतो, ऐकतो, आणि ती एकमेकांच्या इतकी विरुद्ध असतात की मन गोंधळून जाते. त्यांतून वाट काढण्याचा उपाय हाच, की बोलणारा कोणत्या भीतीने बोलतो आहे हे ओळखावे. ‘ती मुलगी फारच निर्दय आहे’ असे म्हणणारा आत्याच्या जागी बसलेला असतो. ‘असं मुलांना दाखवतातच कसं’ म्हणणारी भाचीच्या जागी. ‘मध्यानंतर नुसत्या झुंजी उरल्या’ अशी कुरकुर करणारा, किंवा त्या झुंजींसाठीच ती डोक्यावर घेणारा, हा पुतण्याच्या पंगतीतला. चौथी जबानी, दहा वर्षांच्या मुलीची, अभिप्रायांत जवळजवळ कधीच सापडत नाही, कारण ते वय अभिप्राय देत नाही. आणि पालकाला नेमकी तीच हवी असते.

शिवाय बोलणाऱ्याने नेमके काय पाहिले, ह्याची खात्री करून घ्यावी. ‘गाक्को नो काइदान’ ही शाळेतल्या भुतांची मालिका जपानात २००० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तिच्यात आई वारलेली सात्सुकी आणि तिचा पहिल्या इयत्तेतला धाकटा भाऊ केइइचिरो भुतांना तोंड देतात. तिचे २००५ मध्ये इंग्रजीत जे रूपांतर झाले त्यात मूळ संवाद बाजूला सारून थट्टेचे आणि पुष्कळदा अचकटविचकट असे नवेच संवाद घातले गेले. परिणामी एकाच नावाच्या मालिकेविषयी एक जण कोवळ्या मुलांची भयकथा म्हणून बोलतो आणि दुसरा ओंगळ विनोदाचा नमुना म्हणून, आणि दोघेही खरे बोलत असतात. ह्याच मालिकेचा तिसरा भाग, ज्यात कान ते कान फाटलेल्या तोंडाची स्त्री येते, दाखवण्याआधीच मागे घेण्यात आला, कारण त्या चित्रणाने दुभंगलेल्या ओठांच्या माणसांना दुःख होईल अशी हरकत घेण्यात आली. ह्या फाटक्या तोंडाच्या स्त्रीच्या अफवेने १९७९ मध्ये जपानातली शाळकरी मुले एवढी धास्तावली होती, की ठिकठिकाणी त्यांना घोळक्याने, मोठ्यांच्या सोबतीने घरी पाठवावे लागले. तो भाग मागे घेतला गेला तो घाबरलेल्या मुलांच्या तक्रारीवरून नव्हे; ज्यांच्या चेहऱ्याला भयाचे रूप दिले गेले होते त्यांच्या बाजूने ती तक्रार होती. भयकथेविषयी मत देताना हा प्रश्नही आपल्या मनाला विचारावा, की येथे भय कोणाच्या चेहऱ्यावर चिकटवले आहे, आणि तसा चेहरा असलेले मूल आपल्या शेजारी बसून हे पाहत असते तर?

स्वतःचे मत लिहावयाचे झाल्यास एक रात्र जाऊ द्यावी. रात्रीचे मत भीतीचे असते. सकाळी त्यातले काय उरले तेवढेच लिहावे. कोणता भाग पाहिला, कोणत्या भाषेत पाहिला, कितव्या भागावर थांबलो, हे स्पष्ट नोंदवावे. यायोईची आई तिला सापडते की नाही, असल्या गोष्टी उघड करू नयेत. मात्र एखादा पालक मुलासाठी म्हणून विचारीत असेल तर त्याला खासगीत सर्व सांगावे, कारण शेवट आधी ठाऊक असलेले मूल अधिक धीराने पाहते.

आमच्या घरच्या मुलीला तिच्या आईने त्या रात्री उत्तर दिले. दोघंही एकदम गेले, हो. असं क्वचित होतं. आणि आपल्याकडे तसं झालं तर आजी आहे, मामा आहे, काकू आहे, असे एकेक नाव घेत ती मुलीच्या केसांतून हात फिरवीत राहिली. मुलीने नावे मोजली. मग तिने आईची ओढणी उशाशी घेतली आणि दार अर्धे उघडे ठेवावयास सांगितले; ओटीवरचा दिवा रात्रभर तसाच राहिला. दोन दिवसांनी तिने पुढचा भाग मागितला, आणि ह्या खेपेस ती नुसती शेजारी न बसता आईच्या मांडीवर डोके ठेवून आडवी झाली.